सबनिसांचा एन्लार्जर

सबनिसांना दुसऱ्याचं चांगलं झालेलं बघवत नसे, आणि ही गोष्ट ते स्वतःच सगळ्यांना सांगत.

आम्ही आर. के. पुरमला एकाच ब्लॉकमध्ये राहायचो. ते तळमजल्यावर, मी दुसऱ्या मजल्यावर. ऑफिसही एकच, त्यामुळे सकाळी बसस्टॉपवर भेट ठरलेली. एकदा आमच्या रंगनाथनला परदेशी ट्रेनिंगला पाठवायचं ठरलं. बसस्टॉपवर सगळे त्याचा हात हातात घेऊन अभिनंदन करत होते. सबनिसांनीही केलं आणि मग शांतपणे पोटावर हात ठेवून म्हणाले, "मेरे पेट में दर्द हो रहा है।" रंगनाथन बिचारा मद्रासचा. त्याला मराठीतलं पोटात दुखणं कुठून माहीत असणार? तो संध्याकाळी ओव्याचं चूर्ण घेऊन त्यांच्या दारात हजर. सबनिसांनी ते घेतलं, त्याच्यासमोर चमचाभर खाल्लं आणि दुसऱ्या दिवशी मला म्हणाले, "पेंडसे, अरे, काही फरक नाही. अजून दुखतंय."

अशा माणसाचा राग यायला हवा. पण कुणाला येत नसे. बाकीचे लोक मनात जळायचे आणि तोंडाने पेढे मागायचे. सबनीस जळायचे ते सांगून, आणि सांगून झालं की मोकळे व्हायचे. कुणाचा मुलगा इंजिनिअरिंगला लागला, कुणाला वरच्या टाइपचं क्वार्टर मिळालं, की लोक त्यांची वाट बघत. ते पोटावर हात ठेवेपर्यंत आपलं खरंच काही चांगलं झालंय, अशी खात्री वाटत नसे.

अंगाने किडकिडीत, नाक धारदार, उजव्या हाताची बोटं टोकाशी तपकिरी. ती डेव्हलपरमुळे, म्हणजे फोटो धुवायच्या रसायनामुळे. सबनिसांना फोटोचं वेड होतं. फोटो काढायचे, धुवायचे, छापायचे, सगळं घरीच. त्यामुळे त्यांना कुठलीही वस्तू उजेडासमोर धरून बघायची सवय लागली होती. चहाचा ग्लास, नोट, द्राक्षाचा मणी. माझ्या सासऱ्यांचा छातीचा एक्स-रे आला तेव्हा आम्ही सगळे काळजीत होतो. सबनिसांनी तो खिडकीशी धरला, बराच वेळ पाहिला आणि म्हणाले, "जरा जास्तच एक्स्पोज केलाय." सासरे हसले. ते आठवड्यात पहिल्यांदाच हसले होते.

त्यांची डार्करूम म्हणजे न्हाणीघर. बादलीवर फळी, फळीवर ट्रे, दाराच्या फटीत कुसुमवहिनींचं जुनं लुगडं कोंबलेलं. रविवारी दुपारी ते आत गेले की वहिनी दारातूनच सांगत, "आत आहेत." उन्हाळ्यात सरोजिनी नगरहून बर्फाची लादी गोणपाटात गुंडाळून आणायची आणि ट्रेभोवती ठेवायची, नाहीतर डेव्हलपर तापायचा. त्यात ब्लॉकमधले कूलर सुरू झाले की व्होल्टेज पडायचं आणि एन्लार्जरचा, म्हणजे निगेटिव्हवरून फोटो मोठा करायच्या यंत्राचा, दिवा मंद व्हायचा. मग सबनीस ओल्या हातांनी बाहेर येऊन एकेक दार वाजवत, "भाईसाब, थोडी देर कूलर बंद कीजिए, एक प्रिंट बाकी है।" लोक करायचे बंद. घाम पुसत बसायचे.

फोटो मात्र कसे? कुतुबमिनार, लोदी गार्डनमधले घुमट, हुमायूनच्या कबरीच्या कमानी. सगळं सरळ, सगळं जागच्या जागी. त्यात चूक काढता येत नसे आणि दुसऱ्यांदा बघावंसंही वाटत नसे. पण छपाई बघत राहावी अशी. काळा रंग मखमलीसारखा, आणि पांढऱ्या दगडातलीसुद्धा एकेक रेघ दिसायची. मी एकदा म्हटलं, "सबनीस, तुमचं प्रिंट फार सुरेख असतं." त्यांना ते आवडलं नाही. "आणि फोटो?" असं विचारून ते उत्तराची वाट न बघता आत गेले.

कुसुमवहिनी प्राथमिक शाळेत शिकवायच्या. ठेंगण्या, गोऱ्या, कमी बोलणाऱ्या. त्यांचा भाऊ लष्करात होता. त्याची दिल्ली कँटोन्मेंटमधून आसामकडे बदली झाली, तेव्हा जाताना तो आपला कॅमेरा बहिणीला देऊन गेला. सबनिसांचा कॅमेरा छोट्या फिल्मचा, डोळ्याला लावायचा. हा वेगळा. एकावर एक दोन भिंगं, पोटाशी धरायचा आणि मान खाली घालून वरच्या काचेत बघायचं. फिल्म मोठी, निगेटिव्ह चांगली रुंद आणि चौकोनी.

भावाने कॅमेरा मेहुण्याला न देता बहिणीला दिला, तेव्हाच सबनिसांच्या पोटात दुखलं असणार. पण त्या बाबतीत ते एक अक्षर बोलले नाहीत. मला हे नवीन होतं.

वहिनींनी कॅमेरा शिकून घेतला. शाळेतून येताना, भाजीला जाताना तो गळ्यात असे. मान खाली घालून उभी राहिलेली बाई काहीतरी शोधतेय असं लोकांना वाटे, आणि लोक आपापल्या उद्योगाला लागत. दुधाच्या बूथवर रांगेत बसलेल्या म्हाताऱ्या, बस निघून गेल्यावर रस्त्यात उभा राहिलेला कारकून, सरोजिनी नगरच्या बाजारात स्वेटर अंगाला लावून बघणाऱ्या दोघी बहिणी. सबनीस त्यांची फिल्म धुऊन देत आणि निगेटिव्ह कागदावर ठेवून तेवढ्याच आकाराचे फोटो काढून देत. त्यापेक्षा मोठे करता येत नव्हते. सबनिसांचा एन्लार्जर छोट्या फिल्मचा, वहिनींची निगेटिव्ह त्यात मावतच नसे. तेव्हा वहिनींचे सगळे फोटो तळहातात मावतील एवढे होते, आणि त्या ते बिस्किटांच्या डब्यात ठेवत.

आमची मंडळी ते डब्यातले फोटो हातात घेत आणि परत डब्यात ठेवायला विसरत. सबनीस म्हणत, "कॅमेराच चांगला आहे."

एका रविवारी सकाळी त्यांनी माझं दार वाजवलं. गळ्यात वहिनींचा कॅमेरा. "चल जरा, दुधाच्या बूथवर जाऊन येऊ." वहिनी हळदीकुंकवाच्या तयारीला सकाळीच सरोजिनी नगरला गेल्या होत्या. आम्ही गेलो. तीच रांग, त्याच म्हाताऱ्या, तोच सकाळचा तिरपा उजेड. सबनिसांनी मान खाली घातली, उजेड मोजला, दोन पावलं पुढे गेले, मागे आले. म्हाताऱ्यांनी पदर सारखे केले आणि ताठ बसल्या. एकीने विचारलं, "फोटो अखबार में आएगी, बेटा?" त्यांनी सगळा रोल संपवला. दुपारी फिल्म धुऊन, वाळवून, फोटो काढून ते वर माझ्याकडे घेऊन आले. टेबलावर एका बाजूला स्वतःचे ठेवले, दुसऱ्या बाजूला वहिनींचा एक.

"बोल," ते म्हणाले.

माझ्या बायकोने चहा आणला, तिने ट्रे ठेवता ठेवता वहिनींच्या फोटोवर बोट ठेवलं आणि म्हणाली, "हा कुसुमताईंचा ना?"

सबनिसांनी चहा घेतला नाही.

गणपतीला तीनेक महिने होते, तेव्हा आमच्या मराठी मंडळाच्या महिला शाखेने वहिनींना विचारलं, "उत्सवात तुमच्या फोटोंचं प्रदर्शन लावू या का?" मग मोठे प्रिंट हवेत. वहिनी सहज म्हणाल्या, "करोल बागेत एक स्टुडिओ आहे, तिथून करून घेते." सबनीस ताडकन म्हणाले, "तो काय करणार? पिठात घोळल्यासारखे पांढरे करून देईल. मी करीन." म्हणजे मोठ्या निगेटिव्हचा एन्लार्जर घ्यायला हवा. दर शनिवारी चांदनी चौकात जायचं ठरलं, आणि सोबतीला मी.

तिथे मल्होत्राजींचं दुकान होतं. सामान विकता विकता म्हातारे झालेले, आवाज कधी न चढवणारे गृहस्थ. पहिल्याच शनिवारी त्यांनी माळ्यावरून एक जुना एन्लार्जर उतरवला. बंद पडलेल्या कुठल्याशा स्टुडिओतला, करड्या रंगाचा, जड. त्याचा खांब माझ्या मनगटाएवढा जाड. सबनिसांनी त्याच्या पाटावर एक नाणं कडेवर उभं केलं आणि वरचं डोकं चाक फिरवून वरखाली केलं. नाणं पडलं नाही. लेन्स उजेडासमोर धरली, फुंकर मारली, पुन्हा धरली. त्यांचा चेहरा मला आठवतो. आवडत्या माणसाला स्टेशनवर बघावं तसा. मग एकदम म्हणाले, "नाही. इथे निगेटिव्ह दोन काचांमध्ये धरायची आहे. दोन काचा म्हणजे चार बाजू. चारही बाजूंवर धूळ बसणार. दिल्लीत आंधी येते."

मल्होत्राजींना धूळ आणि आंधी तेवढं कळलं. म्हणाले, "साहब, पोंछ लीजिएगा।"

"पोंछने से और बैठती है," सबनीस म्हणाले, आणि आम्ही निघालो.

पुढच्या शनिवारी दुसरा बघितला. त्याचा खांब बारीक, टेबलाला धक्का लागला की डोकं डुलायचं. नको. त्याच्या पुढच्याला काच नव्हती, पण दिव्याच्या उष्णतेने निगेटिव्ह पापडासारखी फुगायची आणि मधला भाग अस्पष्ट व्हायचा. नको. एकात आतली भिंगं लहान, मोठ्या निगेटिव्हचे कोपरे काळे पडत. नको. एकाचा उजेड फार कडक, फिल्मवरचा बारीकसा ओरखडाही दिसणार. एकाचा फार मऊ, फोटो धुक्यातला वाटणार. सांगितलेला प्रत्येक दोष खरा होता. मल्होत्राजीही मान हलवत, "बात तो सही है।" तीच तर पंचाईत होती. मला कळत होतं की काहीतरी चुकतंय, पण बोट ठेवायला जागा नव्हती.

घरी आलो की वहिनी दारातच विचारत, "मिळाला?" सबनीस चपला काढता काढता दोष सांगत. वहिनी ऐकून घेत आणि पोळ्या लाटायला जात.

मग एका शनिवारी त्या आमच्याबरोबर निघाल्या. पर्समध्ये एका पाकिटात निगेटिव्ह घेतलेली. दुकानात गेल्यावर त्यांनी ती मल्होत्राजींच्या हातात दिली. "इसमें लगाके दिखाइए." त्यांनी समोरच्या एन्लार्जरमध्ये ती लावली, दुकानाचं शटर अर्धं ओढलं आणि दिवा लावला. खालच्या पांढऱ्या पाटावर ती दुधाच्या रांगेतली म्हातारी आली, चांगली परातीएवढी मोठी. निगेटिव्ह असल्यामुळे चेहरा काळा आणि केस काळेभोर, पदराच्या छायेत उजेड. पण सबनिसांना निगेटिव्ह आपल्याला छापलेला फोटो वाचता यावा तशी वाचता यायची. त्यांनी वाकून बघितलं. म्हातारीच्या एका हातात रिकामी बाटली होती आणि दुसरा हात शेजारणीच्या गुडघ्यावर होता. तळहाताएवढ्या फोटोत तो दुसरा हात आम्हा कुणालाच दिसला नव्हता. दोघी भांडून नुकत्याच गप्प झालेल्या असाव्यात, आणि तो हात समजूत काढत होता.

मग सबनीस म्हणाले, "डावा कोपरा मऊ पडतोय."

वहिनींनी त्यांच्याकडे बघितलं. "अहो, तुम्हाला एन्लार्जर नकोय, की माझे फोटो मोठे व्हायला नकोत?"

मराठीत विचारलं होतं. मल्होत्राजींना शब्द कळले नसतील, पण त्यांनी फडकं घेतलं आणि पाठ फिरवून कपाटाची काच पुसायला लागले. मीही शटरकडे सरकलो.

सबनीस म्हणाले, "फोटो."

"काय?"

"फोटो मोठे व्हायला नकोत. मी इतकी वर्षं घासतोय, कुसुम. आणि तू भाजीला जाता जाता हे करतेस. मला नाही सहन होत."

मला वाटलं, आता वहिनी रडतील किंवा निघून जातील. त्यांनी निगेटिव्ह काढून घेतली, पाकिटात ठेवली. "अच्छा," त्या म्हणाल्या. "बोललात ते बरं झालं. आता यातला चांगला कुठला, ते सांगा."

सबनिसांनी क्षणभरही विचार केला नाही. "पहिला. तो करडा. मल्होत्राजी, वो पहलेवाला निकालिए।"

मल्होत्राजी वळले. "वो तो बिक गया, साहब। आपने मना किया था।"

सबनीस स्टुलावर बसले. "किसने लिया?"

नोएडाच्या कुणा सक्सेनांनी घेतला होता. नोएडा तेव्हा नुकतंच वसत होतं. रविवारी मी आणि सबनीस यमुना ओलांडून बसने गेलो. नंबरांच्या पाट्या लागलेले रिकामे प्लॉट, मधूनच एखादी फॅक्टरी, धुळीने पांढरी झालेली झाडं. विचारत विचारत सक्सेनांचा स्टुडिओ सापडला. लग्नाचे फोटो काढणारा, पान खाणारा, बोलका माणूस. एन्लार्जर कोपऱ्यात चादरीखाली होता. सबनिसांनी चादर उचलून बघितलं आणि परत नीट झाकला.

"बेचना नहीं है," सक्सेना म्हणाले. "काम बढ़ेगा तो लगेगा।"

"अभी किस कॅमेरे पे काम करते हो?"

सक्सेनांनी उघडपणे सांगितलं, हातातला मोठ्या फिल्मचा कॅमेरा भावाचा आहे, भाऊ परत मागतोय. आजकाल सगळे छोट्या फिल्मवरच काम करतात, तसा कॅमेरा घ्यायचाय, जमत नाहीये.

सबनिसांनी गळ्यातला स्वतःचा छोटा कॅमेरा काढला. मला वाटलं, दाखवायला काढताहेत. ते म्हणाले, "ये लीजिए। और इसी फिल्म का एन्लार्जर घर पे है, कल भिजवाता हूं। वो मुझे दीजिए।"

मी त्यांचा दंड धरला. "सबनीस, अहो, काय करताय? घरी जाऊन विचार करू या."

"विचार झालाय," ते म्हणाले. सक्सेनांनी कॅमेरा फिरवून बघितला. "इसमें रील है, साहब। खत्म कर लीजिए, बाहर धूप अच्छी है।" सबनीस म्हणाले, "जरूरत नहीं।" त्यांनी फिल्म उलटी गुंडाळून काढली आणि खिशात टाकली.

आम्ही रिक्षातून परतलो. खांब एका बाजूने बाहेर आलेला, त्याचं डोकं सबनिसांच्या मांडीवर. वाटेत ते म्हणाले, "एका घरात दोघांनी फोटो काढायचे म्हणजे मला रोज सकाळी उठून जळायला पाहिजे. किती वर्षं जळू? आता ती काढील, मी छापीन."

वहिनींनी दार उघडलं. एन्लार्जर आत ठेवेपर्यंत त्यांच्या चेहऱ्यावर आनंद होता. मग त्यांचं लक्ष नवऱ्याच्या रिकाम्या गळ्याकडे गेलं.

"कॅमेरा कुठंय?"

"दिला."

त्या दिवाणावर बसल्या. रागाने त्यांचा आवाज बारीक झाला होता. "मी एन्लार्जर मागितला होता. तुमचा कॅमेरा नव्हता मागितला. आता मी फोटो काढायचा म्हटलं की मला तुमचा मोकळा गळा दिसणार. जन्मभर उपकारात राहू का तुमच्या?"

"राहा," सबनीस म्हणाले. "तेवढं तरी मला मिळू दे."

मी जिना चढून घरी आलो. ते दोघं काही दिवस एकमेकांशी कामापुरतंच बोलत. वहिनी कॅमेरा न घेता शाळेत जात. मग एका सकाळी बसस्टॉपवरून मला त्या रस्त्यापलीकडे दिसल्या. मान खाली, कॅमेरा पोटाशी. सबनिसांनीही पाहिलं. "चला," ते म्हणाले आणि बसमध्ये चढले.

प्रदर्शन झालं. मंडळाच्या हॉलमध्ये, आरतीच्या आधी. त्या म्हातारीचा फोटो मधोमध होता. छापताना सबनिसांनी तारेला लावलेली पुठ्ठ्याची चकती उजेडात फिरवून फिरवून तो गुडघ्यावरचा हात सावलीतून वर आणला होता. दाराशी आल्याबरोबर आधी तो हात दिसायचा, मग बाकीचं. वहिनी त्या फोटोसमोर इतरांपेक्षा जास्त वेळ उभ्या होत्या. म्हणाल्या, "मी काढला तेव्हा मला फक्त बाटली दिसली होती."

लोक त्यांच्याभोवती जमले. एका पाहुण्याने कोपऱ्यातल्या सबनिसांना विचारलं, "आपण?"

"मी नवरा. फोटो तिचे. त्यातला काळा रंग माझा."

प्रत्येक फोटोखाली वहिनींनी स्वतःच्या हाताने दोघांची नावं लिहिली होती. सबनीस चष्मा वर करून ती वाचत गेले आणि शेवटी वहिनींपाशी येऊन कुजबुजले, "माझं नाव एवढं बारीक का?"

माझी बायको हे ऐकून हसली. घरी जाताना मात्र ती माझ्या दोन पावलं पुढे चालत राहिली. आमच्या संसारात भांडण्यासारखं काही नव्हतं आणि सोडून देण्यासारखंही काही नव्हतं. त्या संध्याकाळी मला सबनिसांचा जेवढा हेवा वाटला, तेवढा रंगनाथनच्या परदेशवारीचाही वाटला नव्हता.

पुढे कित्येक वर्षं हे असंच चाललं. वहिनींचे फोटो बाहेरच्या प्रदर्शनांत गेले, एकदोन मासिकांत आले. सबनीस कुरकुरत, मासिकवाल्यांच्या शाईला नावं ठेवत, वहिनींनी एखाद्या परक्या फोटोग्राफरचं कौतुक केलं की दिवसभर फुगून बसत. परत कॅमेरा मात्र त्यांनी हातात घेतला नाही. वहिनींनी एकदा वाढदिवसाला नवा आणला. तो त्यांनी दुकानात परत केला आणि त्याबदल्यात प्रिंटचा कागद आणला.

ते निवृत्त झाले आणि दोघांनी साताऱ्याला जायचं ठरवलं. निजामुद्दीन स्टेशनवर मी पोचवायला गेलो होतो. सगळं सामान ब्रेकव्हॅनमध्ये टाकलं होतं, एन्लार्जरचं डोकं मात्र रजईत गुंडाळून खालच्या बर्थवर ठेवलेलं. टीसीने विचारलं, हे काय. सबनीस म्हणाले, "सवारी है।"

गाडी सुटायची वेळ झाली आणि वहिनी जागेवर नव्हत्या. प्लॅटफॉर्मवर थोड्या अंतरावर त्या मान खाली घालून उभ्या होत्या. समोर एक जवान आणि त्याची आई पोळीभाजी खात बसले होते. शिट्टी झाली. मी हाक मारायला तोंड उघडलं, तसा सबनिसांनी दारातूनच हात वर करून मला थांबवलं. गार्डने हिरवा झेंडा दाखवला. वहिनी हलल्या नाहीत. गाडीने एक धक्का दिला, मग दुसरा. सबनीस दाराच्या दांडीला धरून पायरीवर उतरले, एक हात बाहेर काढून ठेवला. आईने मुलाच्या ताटात काहीतरी वाढलं, वहिनींनी बटण दाबलं, आणि वळून धावत येऊन तो हात धरला. त्यांना वर ओढून घेता घेता सबनीस विचारत होते, "मिळाला का? उजेड पुरला का?" वहिनी काय म्हणाल्या ते गाडीच्या आवाजात मला ऐकू आलं नाही.